भूलशास्त्राची तोंडी परीक्षा : कोकणातल्या वॉर्डातून करायची तयारी

एमडीचे चार पेपर लिहून झाले की भूलशास्त्राच्या विद्यार्थ्याचं अर्धंच काम संपलेलं असतं. उरलेलं अर्धं तोंडाने करायचं. एक लाँग केस, एक-दोन शॉर्ट केस आणि मग टेबलं: औषधं, उपकरणं, भूलयंत्र, ईसीजी-एक्सरे-एबीजी (धमनीतल्या रक्तवायूंचा रिपोर्ट). समोर चार परीक्षक, त्यांतले दोन बाहेरून आलेले. डीएनबी या एमडीला समकक्ष परीक्षेची मांडणी थोडी वेगळी असते, केंद्राप्रमाणे वेळही कमी-जास्त होते. पण परीक्षकाच्या मनातला प्रश्न सगळीकडे एकच असतो: हा रुग्ण उद्या सकाळी या माणसाच्या हाती एकट्याने सोपवला तर तो सुखरूप बाहेर येईल का?

म्हणून या परीक्षेत माहितीच्या साठ्यापेक्षा विचारांच्या क्रमाला जास्त किंमत आहे. लेखी पेपरात दहा मुद्दे कुठल्याही क्रमाने लिहिले तरी गुण मिळतात. तोंडी परीक्षेत ‘सॅच्युरेशन पडलं, काय कराल?’ या प्रश्नाला पहिलंच वाक्य ‘एक्सरे काढेन’ असं आलं, तर पुढचे नऊ बरोबर मुद्दे ऐकायला परीक्षक थांबत नाही.

जिल्हा निवासी कार्यक्रमाखाली तीन महिने कोकणातल्या एखाद्या जिल्हा रुग्णालयात आलेले रेसिडेंट बऱ्याचदा म्हणतात, अभ्यास बुडाला. आमचं मत उलटं आहे. मोठ्या कॉलेजात कार्डिऑलॉजिस्ट खालच्या मजल्यावर असतो, रक्तपेढी आवारात असते, सीनियर हाकेवर असतो. इथे रात्री दोनला लाइट जाते आणि पुढचं मोठं रुग्णालय घाटापलीकडे असतं. परीक्षक टेबलावर हीच परिस्थिती उभी करतो: ‘तुम्ही एकटे आहात, आता सांगा.’ ती रोज समोर असलेल्या माणसाला उत्तर बनवावं लागत नाही.

लाँग केस : रुग्णाच्या बोलीत विचारा

केस घ्यायला ४५ मिनिटं मिळतील असं धरून सराव करा. पंधरा मिनिटं हिस्टरी, पंधरा तपासणी, पाच रिपोर्ट. उरलेली दहा कागदावर योजना लिहायला. बहुतेक जण हिस्टरीतच तीस मिनिटं घालवतात आणि योजना परीक्षकासमोर बनवायला लागतात. तिथेच घसरतात.

हिस्टरीत सगळ्यांत जास्त गुण देणारी गोष्ट म्हणजे रुग्णाची ताकद किती, हे नेमकं सांगता येणं. पुस्तकात ‘चार मेट्स (श्रमाचं माप) म्हणजे न थांबता दोन जिने चढणं’ असं असतं. वाडीतल्या आजीच्या घराला जिनाच नसतो. तिला विचारा: ‘आजी, विहिरीवरून कळशी आणता का? वाडीतून वर रस्त्यावर एस्टी पकडायला येताना किती वेळा टेकता? गेल्या गणपतीत येत होतात तशाच येता की आता जास्त थांबावं लागतं?’ चढणीवरच्या घरांचा हा मोठा फायदा. कोकणातल्या माणसाची ट्रेडमिल त्याच्या अंगणापासून सुरू होते. मालवणीत ‘माका धाप लागता’ असं उत्तर आलं की पुढचे प्रश्न ठरलेले: कधीपासून, किती चालल्यावर, रात्री उठून बसावं लागतं का, किती उशा लागतात, पाय सुजतात का. परीक्षकासमोर सगळं इंग्रजीत मांडायचं असतं, त्यामुळे रोज एका रुग्णाची हिस्टरी त्याच्या बोलीत घ्या आणि लगेच पाच वाक्यांत इंग्रजीत मोठ्याने सांगा. हा भाषाबदल सवयीचा झाला नाही, तर परीक्षेच्या दिवशी अडखळणं अज्ञानासारखं दिसतं.

औषधांची नावं रुग्णाला आठवत नाहीत. पिशवी मागा. ब्लडप्रेशरची गोळी, साखरेची गोळी, रक्त पातळ करणारी गोळी, तिन्ही त्याच पिशवीत निघतात. शेवटचा डोस कधी घेतला, हे विचारायला विसरू नका. कमी-मॉलिक्युलर-वेटचं हेपरिन प्रतिबंधाच्या डोसमध्ये चालू असेल तर स्पायनल किंवा एपिड्युरलआधी (पाठीतून सुई घालून द्यायच्या भुलीआधी) १२ तास, उपचाराच्या डोसमध्ये असेल तर २४ तास अंतर हवं. हा प्रश्न जवळजवळ हमखास येतो.

उपाशीपणाबद्दल ‘काही खाल्लं का?’ असं विचारू नका. ‘नाही’ असंच उत्तर येतं, कारण चहा आणि पेज पुष्कळांच्या लेखी खाणं नव्हेच. वेगवेगळं विचारा. पाणी २ तास, आईचं दूध ४ तास, दुधाचा चहा आणि हलकं खाणं ६ तास, तळलेलं किंवा मटण-भाकरीचं जेवण ८ तास. पेज कितीही पातळ असली तरी तिच्यात भात आहे, सोलकढीत नारळाचं दूध आहे. दोन्ही क्लिअर फ्लुइडमध्ये धरू नका.

तपासणीत श्वासमार्गाला पूर्ण वेळ द्या. तोंड किती उघडतं हे रुग्णाच्याच बोटांनी मोजा, तीन बोटं जायला हवीत. मॅलमपाटी (तोंड उघडल्यावर घसा किती दिसतो) रुग्णाला बसवून, जीभ बाहेर, आवाज न काढता. हनुवटीपासून थायरॉइड कूर्चेपर्यंतचं अंतर मान मागे टाकून, साधारण ६.५ सेंटिमीटर. मान किती मागे जाते, खालचे दात वरच्या ओठावर येतात का, दात हलतात का, कवळी आहे का. सुपारी, गुटखा, मशेरी यांची चौकशी सवय म्हणून नव्हे, श्वासमार्गासाठी करा. सुपारी चघळणाऱ्यांत तोंडाच्या आतलं आवरण कडक होऊन तोंड दीड बोटापर्यंत आवळलेलं दिसतं. असा रुग्ण शॉर्ट केसला सोन्यासारखा. ‘भूल देऊन रिलॅक्संट (स्नायू सैल करणारं औषध) दिल्यावर तोंड उघडेल का?’ हा सापळा आहे. उघडणार नाही, कारण अडथळा स्नायूंचा आखडलेपणा नसून तंतूंचा आहे. म्हणून जागेपणी फायबरऑप्टिक दुर्बिणीने श्वासनलिकेत नळी, नाकावाटे: नाकपुडी निवडणं, झायलोमेटाझोलिनचे थेंब, ग्लायकोपायरोलेट, लिग्नोकेन लावणं (सगळं मिळून दर किलो सडपातळ वजनाला ९ मिलिग्रॅमच्या आत), ऑक्सिजन चालू, आणि गळ्यावर ट्रॅकिऑस्टॉमीची (छेद देऊन श्वासमार्ग करण्याची) तयारी करून सर्जन शेजारी उभा. या साखळीतली शेवटची कडी जो स्वतःहून सांगतो, त्याला परीक्षक बहुधा पुढे छळत नाही.

एक केस शेवटपर्यंत

हृदयाच्या झडपेचा आजार असलेली गर्भवती ही लाँग केसमधली जुनी, ठरलेली आणि सगळ्यांना घाबरवणारी केस. २६ वर्षांची बाई, ३४ आठवडे, लहानपणी सांधे सुजलेले, आता चढणीवर धाप, मायट्रल स्टिनोसिस (हृदयाची मायट्रल झडप अरुंद होणं). पहिलं वाक्य असं बांधा की त्यात निदान, तीव्रता, शस्त्रक्रिया आणि धोका हे चारही येतील: ‘३४ आठवड्यांची गर्भवती, संधिवातजन्य तीव्र मायट्रल स्टिनोसिस, नायहा दर्जा (हृदयाच्या त्रासाची श्रेणी) तीन, सध्या सायनस (नेहमीची) लय, हार्ट फेल्युअरची लक्षणं नाहीत, नियोजित सिझेरियनसाठी तपासणीला आली आहे.’ एवढं ऐकून परीक्षकाच्या मनात तुमच्याबद्दलचा अंदाज बऱ्यापैकी ठरतो.

पुढचा प्रश्न: आताच त्रास का वाढला? झडप तीच आहे, तिच्यातून जाणारं रक्त वाढलं. गरोदरपणात हृदयाचं उत्पादन ४० ते ५० टक्के वाढतं, नाडी वाढते, नाडी वाढली की डायस्टोल आखूड होतो आणि अरुंद झडपेतून डावा व्हेंट्रिकल भरायला वेळच उरत नाही. डाव्या एट्रियममधला दाब मागे फुप्फुसावर येतो. हे कारण नीट सांगता आलं की बाकीचं सगळं त्यातूनच निघतं. पाठ करायची गरज नाही. नाडी सावकाश ठेवायची. सायनस लय सांभाळायची. पाणी जास्तही नको, कमीही नको. सिस्टेमिक रोध (शरीरभरच्या रक्तवाहिन्यांचा) पडू द्यायचा नाही. ऑक्सिजन कमी होणं, कार्बन डायऑक्साइड वाढणं, ॲसिडोसिस, थंडी, वेदना यांपैकी काहीही झालं की फुप्फुसातला रोध वाढतो, म्हणून ते टाळायचं.

झडपेचं क्षेत्रफळ निरोगी माणसात ४ ते ६ चौरस सेंटिमीटर. १.५ किंवा त्याखाली तीव्र, १ किंवा त्याखाली अतितीव्र.

मग योजना. इथे उमेदवार ‘स्पायनल की जनरल (पूर्ण बेशुद्ध करणारी भूल)’ या वादात अडकतात. परीक्षकाला पद्धतीचं नाव नको असतं, तिच्यातला धोका तुम्ही कसा हाताळता ते हवं असतं. तीव्र स्टिनोसिसमध्ये पूर्ण डोसचं एकदम दिलेलं स्पायनल टाळा, कारण रोध झपकन पडतो, नाडी उसळते, आणि दोन्ही तिच्या मुळावर येतात. हळूहळू वाढवलेलं एपिड्युरल, किंवा अगदी कमी डोसचं स्पायनल आणि जोडीला एपिड्युरल, असं सांगा. रक्तदाब पडला तर फिनायलएफ्रिन, ५० मायक्रोग्रॅमच्या छोट्या मात्रेत, गर्भाशय डावीकडे कलवून. एफेड्रिनने नाडी वाढते, म्हणून ते पहिलं नाही. जनरल द्यावं लागलं तर केटामिन आणि पॅनक्युरोनियम बाजूला. लॅरिंगोस्कोपीने (नळी घालण्यासाठी घशात पातं घालून बघताना) येणारी नाडी-दाबाची उसळी ओपिऑइडने दाबायची, आणि बाळाला श्वासाची मदत लागेल हे बालरोगतज्ज्ञाला आधीच सांगून ठेवायचं.

बाळ बाहेर आल्यावरचा प्रश्न पुष्कळ जणांना अनपेक्षित असतो. गर्भाशय आकसताच त्यातलं रक्त एकदम आईच्या अभिसरणात परत येतं. स्टिनोसिसच्या बाईला फुप्फुसात पाणी होण्याची ही सर्वांत नाजूक वेळ, आणि ती टाके घालण्यापाशी संपत नाही. पुढचे ४८ तास तरी जवळून लक्ष हवं. ऑक्सिटोसिन सावकाश, इन्फ्युजनमध्ये. मेथिलएर्गोमेट्रिन आणि कार्बोप्रॉस्ट दोन्ही फुप्फुसातला दाब चढवतात, ती टाळा. ‘रक्तस्राव थांबतच नसेल तर?’ असं विचारलं की हाताने दाब, मिसोप्रोस्टॉल, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, बलून, सर्जिकल उपाय असा क्रम सांगा.

शेवटी येतं: ‘टेबलावर अचानक नाडी १६०, अनियमित, दाब ७०.’ इथे औषधाची यादी सुरू करू नका. रुग्ण अस्थिर आहे, म्हणून सिंक्रोनाइज्ड कार्डिओव्हर्शन, म्हणजे ठोक्याशी जुळवून दिलेला विजेचा झटका. एवढं पहिलं वाक्य.

कोकणातले रुग्ण, परीक्षेतले प्रश्न

पावसाळ्यापूर्वी नारळावरून, आंब्यावरून पडलेले येतात. मांडीचं हाड मोडलेलं दिसतं, मानेकडे कोणी बघत नाही. परीक्षक नेमकं तेच विचारतो. ‘दाब ८०, नाडी ५०’ असं सांगितलं तर मेंदूत घंटा वाजली पाहिजे. निव्वळ रक्तस्रावात नाडी वाढते. दाब कमी आणि नाडीही कमी, हातपाय कोमट, म्हणजे वरच्या पाठीचा किंवा मानेचा कणा तुटून आलेला न्यूरोजेनिक शॉक असू शकतो. तरीही आधी रक्तस्राव नाही हे दाखवा, मग व्हॅसोप्रेसर (दाब वाढवणारं औषध). इंट्युबेशनला (श्वासनलिकेत नळी घालताना) मानेच्या कॉलरचा पुढचा भाग उघडून दुसऱ्या माणसाने दोन्ही हातांनी मान सरळ धरायची, बूजी (नळीला वाट दाखवणारी लवचीक काडी) हाताशी. सक्सामेथोनियम (स्नायू झटपट लुळे करणारं औषध) पहिल्या दिवशी चालतं. ४८ तास उलटले की टाळायचं, कारण लुळ्या स्नायूंवर रिसेप्टर पसरतात आणि पोटॅशियम धोकादायक चढतं.

फुरसं हा विषारी साप या पट्ट्यात मुबलक. त्याच्या विषाने रक्त गोठणं बिघडतं. साध्या काचेच्या स्वच्छ नळीत रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवायचं, मग तिरपी करून बघायची. रक्त पातळच राहिलं तर गोठण बिघडलं. अशा पायाच्या सुजेसाठी फॅशिऑटॉमीला (दाब मोकळा करायला स्नायूंवरचं आवरण चिरण्याला) सर्जन घाई करत असेल, तर भूलतज्ज्ञाने आधी प्रतिविष आणि गोठणाची दुरुस्ती मागायची. स्पायनल तर नाहीच. नाग आणि मण्यार यांत पापण्या पडतात, मान उचलता येत नाही, एका श्वासात आकडे मोजणं कमी कमी होतं. नागाच्या दंशाला ॲट्रोपिन देऊन मग निओस्टिग्मिन उपयोगी पडतं. मण्यारीचं विष चेतातंतूच्या टोकावरच काम करतं, त्यामुळे तिथे त्यावर भिस्त ठेवू नका, श्वास कृत्रिम चालवायची तयारी ठेवा. प्रतिविष सुरू करताना ॲड्रेनॅलिन ०.५ मिलिग्रॅम सिरिंजमध्ये भरून शेजारी, मांडीच्या स्नायूत द्यायला.

विंचवाचा प्रश्न आला तर कोकणातल्या उमेदवाराने तो सोडता कामा नये. लाल विंचवाच्या विषाने कॅटेकोलॅमिनचं (ॲड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचं) वादळ उठतं, हृदय थकतं, फुप्फुसात पाणी होतं. महाडला आयुष्यभर हे रुग्ण पाहिलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन वापरून या मृत्यूंना आळा घातला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. डोस तोंडावाटे दर किलोला ३० मायक्रोग्रॅम. ‘का?’ या प्रश्नाचं उत्तर: अल्फा रिसेप्टर बंद करून आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल करतो, हृदयावरचा भार उतरतो. नुसता बीटा ब्लॉकर दिला तर अल्फाचा जोर मोकळा राहतो आणि थकलेल्या हृदयाची ताकद आणखी घटते, म्हणून तो चूक.

मोहोराच्या दिवसांत बागेत फवारणी करणारे ऑरगॅनोफॉस्फेटने विषबाधा होऊन येतात. ॲट्रोपिन छाती कोरडी होईपर्यंत, दर पाच मिनिटांनी डोस दुप्पट करत. बाहुली मोठी होण्याची वाट बघत नाहीत. नळी घालताना सक्सामेथोनियमचा परिणाम तासन्‌तास लांबतो, कारण ते मोडणारं कोलिनेस्टरेजच बंद पडलेलं असतं. पहिल्या एक ते चार दिवसांत रुग्ण शुद्धीवर असूनही मान उचलेनासा झाला, तर तो इंटरमीडिएट सिंड्रोम. घाईने नळी काढल्याने फसगत होते ती इथेच.

भूलयंत्राचं टेबल

इथे हात लावून दाखवायचं असतं. नुसतं वाचून आलेला विद्यार्थी यंत्राजवळ उभा राहण्याच्या पद्धतीवरूनच ओळखू येतो. कोकणातल्या बऱ्याच ठिकाणी साधं बॉइल्स यंत्र अजून कोपऱ्यात असतं. ते उघडून बघण्याची संधी सोडू नका, कारण आधुनिक वर्कस्टेशनच्या आतही तत्त्व तेच आहे आणि परीक्षक जुन्यावरूनच विचारतात.

सिलिंडर: ऑक्सिजन काळा, खांदे पांढरे. नायट्रस निळा. चुकीचा सिलिंडर बसू नये म्हणून असलेल्या पिनची जागा ऑक्सिजनला २-५, नायट्रसला ३-५, हवेला १-५. ऑक्सिजन वायुरूपात असतो, म्हणून भरलेल्याचा दाब २००० पीएसआयच्या आसपास आणि तो १००० झाला की अर्धा उरला. नायट्रस द्रवरूपात असतं, म्हणून गेज ७५० वरच थबकलेलं दिसतं आणि द्रव संपला की झपाट्याने खाली येतं. किती उरलं हे वजन करूनच कळतं.

‘पाइपलाइनमधून चुकीचा वायू येतोय अशी शंका आली, काय कराल?’ राखीव सिलिंडर उघडेन, एवढं बोलून उमेदवार थांबतो. अर्धंच उत्तर. पाइपलाइनचा दाब सिलिंडरच्या रेग्युलेटरपेक्षा थोडा जास्त ठेवलेला असतो, त्यामुळे पाइप जोडलेला असेपर्यंत यंत्र पाइपमधलाच वायू ओढत राहतं. पाइप भिंतीपासून काढायलाच हवा. आणि हे सगळं करताना रुग्णाला सेल्फ-इन्फ्लेटिंग बॅगने श्वास द्यायचा.

बेन सर्किटची (यंत्रापासून रुग्णापर्यंतच्या नळीत-नळी जोडणीची) आतली नळी सुटली किंवा चिरली तर सगळी बाहेरची नळी डेड स्पेस (निकामी पोकळी) होते आणि रुग्ण स्वतःचाच कार्बन डायऑक्साइड परत घेतो. तपासायचं कसं? बॅग भरून घ्या, रुग्णाकडचं टोक मोकळं सोडा, ऑक्सिजन फ्लश दाबा. आतली नळी शाबूत असेल तर व्हेंचुरी परिणामाने बॅग मिटते. सुटली असेल तर बॅग फुगलेलीच राहते. कृत्रिम श्वासावर ताजा वायू दर किलोला ७० मिलिलिटर प्रति मिनिट, स्वतःच्या श्वासावर मिनिट व्हॉल्यूमच्या दोन ते तीन पट.

रुग्ण पुढे पाठवण्यावरचा हिशेब इथल्या उमेदवाराला तोंडावर यायला हवा. आंबा घाटातून कोल्हापूर गाठायला तीन तास धरा. दर मिनिटाला १० लिटर ऑक्सिजन म्हणजे १८० मिनिटांना १८०० लिटर. घाटात ट्रक अडला, दरड आली म्हणून दुप्पट धरा, ३६०० लिटर. बी-टाइप सिलिंडरमध्ये १५०० लिटर, म्हणजे तीन भरलेले. व्हेंटिलेटर ऑक्सिजनच्याच दाबावर चालत असेल तर त्याचा वेगळा. चावी, रेग्युलेटर आणि सेल्फ-इन्फ्लेटिंग बॅग गाडीत आहेत का, हेही सांगा. कागदावरची बेरीज बरोबर आणि चावी रुग्णालयातच राहिली, असं प्रत्यक्षात घडतं, आणि परीक्षकांना ते ठाऊक असतं.

औषधांचं टेबल

अँप्यूल हातात दिली की आधी लेबल वाचा: नाव, तीव्रता, मुदत. मग बोला. टक्क्याला दहाने गुणलं की एका मिलिलिटरमधले मिलिग्रॅम मिळतात, २ टक्के लिग्नोकेन म्हणजे २० मिलिग्रॅम. हेवी ब्युपिव्हाकेनची ४ मिलिलिटरची अँप्यूल म्हणजे २० मिलिग्रॅम, आणि हेवी कशामुळे, तर दर मिलिलिटरला ८० मिलिग्रॅम डेक्स्ट्रोजमुळे. ॲड्रेनॅलिन १ मिलिग्रॅम १०० मिलिलिटर सलाइनमध्ये टाकलं की दर मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम होतं. ही पातळी करून दाखवायला सांगतात.

डोस नेहमी वजनाने बांधा. ६० किलोच्या माणसाला रिव्हर्सल (रिलॅक्संटचा परिणाम उतरवणं): निओस्टिग्मिन दर किलोला ०.०५, म्हणजे ३ मिलिग्रॅम, ०.५ च्या अँप्यूलने ६ मिलिलिटर. ग्लायकोपायरोलेट दर किलोला ०.०१, म्हणजे ०.६ मिलिग्रॅम, ०.२ च्या अँप्यूलने ३ मिलिलिटर. हे बोटांवर करता आलं पाहिजे.

लोकल औषधाच्या विषबाधेत लिपिड २० टक्के, दर किलोला १.५ मिलिलिटर एकदम, मग दर किलोला मिनिटाला ०.२५ मिलिलिटर. मॅग्नेशियमच्या विषबाधेत गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया सर्वांत आधी जाते, श्वास नंतर मंदावतो. उतारा कॅल्शियम ग्लुकोनेट १ ग्रॅम. सक्सामेथोनियम फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत. इथे लाइट वारंवार जाते, म्हणून फ्रिजवर तारीख टाकून ठेवायची सवय असेल तर उत्तरात ती आपसूक येते.

एबीजीसाठी एकच क्रम कायम ठेवा: पीएच, मग कोणत्या बाजूने बिघाड, मग भरपाई, मग अॅनायन गॅप. मेटाबॉलिक ॲसिडोसिसमध्ये अपेक्षित कार्बन डायऑक्साइड = बायकार्बोनेट × १.५ + ८, दोन इकडे-तिकडे. बाकी ईसीजी आणि एक्सरे वॉर्डातले रोजचेच बघा, वेगळी पुस्तकं लागत नाहीत.

उत्तर कसं द्यायचं

संकटाच्या प्रश्नाला पहिली तीन वाक्यं ठरवून ठेवा. रुग्णाकडे बघतो, नाडी आणि श्वास खरंच बिघडलेत का ते पडताळतो. मदत मागतो, सर्जनला सांगतो. शंभर टक्के ऑक्सिजन देतो. त्यानंतर कारणं, जीवघेणी आधी. हे घोकून पोपटपंची होऊ देऊ नका. स्पायनलनंतर दाब पडला तर कारण बहुतेक ठाऊकच आहे, तिथे व्हॅसोप्रेसर आणि पाणी यांना उशीर लावू नका. पण हाताची पकड गेली, आवाज बसला असं सांगितलं की ब्लॉक वर चढतोय हे ओळखून श्वासाची तयारी.

स्वतः जे नाव घ्याल त्यावरच पुढचा प्रश्न येतो. फिओक्रोमोसायटोमा (ॲड्रेनल ग्रंथीची दुर्मीळ गाठ) आठवला म्हणून यादीत टाकला, तर पुढची पाच मिनिटं त्याचीच. माहीत नसेल तर ‘हे मला माहीत नाही, पण अशा वेळी मी सुरक्षित म्हणून अमुक करेन’ एवढं स्पष्ट बोला आणि थांबा. अंदाजाने डोस सांगणं सर्वांत वाईट. दहापट चूक झाली की परीक्षक तुमच्या जागी खरी सिरिंज बघतो. परीक्षकाने परिस्थिती बदलली म्हणजे तुमचं आधीचं उत्तर चुकलं असंही समजू नका. नळी जात नाही, मास्कही चालत नाही, इथपर्यंत तो नेणारच असतो. तेव्हा गळ्यातून श्वासमार्ग: १० नंबरचं ब्लेड, बूजी, ६ नंबरची कफवाली नळी. हे बोलायला उमेदवार कचरतात, आणखी एकदा लॅरिंगोस्कोपी करून बघतो म्हणतात. तिथे नापास होतात.

जे उपकरण तुमच्या रुग्णालयात नाही, त्याच्या भरवशावर योजना उभी करू नका. फायबरऑप्टिक नसेल तर काय, हे लगेच विचारलं जातं. ‘रुग्ण स्थिर आहे, शस्त्रक्रिया थांबू शकते, म्हणून सोय असलेल्या ठिकाणी पाठवेन’ हे पूर्ण उत्तर आहे. त्याची लाज वाटून घेऊ नका.

शेवटचे सहा आठवडे

रोज एक केस मोठ्याने. जोडीदार असेल तर तो परीक्षक, दर दोन मिनिटांनी परिस्थिती बिघडवणारा. पोस्टिंगवर एकटे असाल तर फोनवर रेकॉर्ड करून रात्री ऐका. ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’ किती येतं, डोस सांगताना आवाज कुठे खाली जातो, ते लगेच कळतं. आठवड्यातून एकदा ओटीतल्या सिस्टर किंवा टेक्निशियन दादांसमोर यंत्र तपासून दाखवा. ते चूक लपवत नाहीत.

परीक्षा पावसाळ्यात आली तर प्रवासाचा हिशेबही आधीच करा. जूनमध्ये कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागू होतं, गाड्या सावकाश धावतात, घाटात दरडीने रस्ते अडतात. आदल्या रात्री नव्हे, दोन दिवस आधी केंद्राच्या गावी पोहोचा. पिशवीत हॉल तिकीट, ओळखपत्र, सही-शिक्क्याची लॉगबुक, प्रबंधाची प्रत, दोन इस्त्री केलेले ॲप्रन, स्टेथोस्कोप, टॉर्च, मोजपट्टी, रिफ्लेक्स हॅमर, नवे सेल घातलेलं पल्स ऑक्सिमीटर. कागदं जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळा. लॉगबुकमध्ये नोंदवलेल्या प्रत्येक दुर्मीळ केसवर बोलता यायला हवं, कारण परीक्षक पानं उलटत तीच शोधतात. केस आटोपल्यावर रुग्णाचं पांघरूण नीट करा, कॉटचा कठडा वर करा, ‘आजी, झालं हां’ म्हणा, आणि मग पुढच्या टेबलाकडे जा.